चिठ्ठीची बाजू

गेल्या बैठकीत चहापानापूर्वी एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अर्थशास्त्राचे २०१९ चे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांवर, खेडुतांवर आणि आपल्या सुरतेतील कारखान्यांवरही प्रयोग केले, निम्म्यांना एक गोष्ट दिली आणि निम्म्यांना मुद्दाम दिली नाही, ही हकीकत सांगून ते म्हणाले की माणूस म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर नव्हे. माणसाचे मन कादंबरीकाराला कळते, कोष्टके मांडणाऱ्याला नव्हे. आणि परदेशातून येऊन आमच्यावर प्रयोग करण्याचा अधिकार या मंडळींना दिला कोणी? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवीत असताना हात मांडीवर ठेवून बसण्याइतका मी धीट नाही. परंतु घरी पोहोचेपर्यंत त्या टाळ्या मला बोचू लागल्या, आणि म्हणून हा लेख.

'परदेशी' या शब्दाचा निकाल आधी लावून टाकतो. अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. सुरतेतील ज्या प्रयोगाचा उल्लेख भाषणात झाला तो एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या चौघांचा. त्यांतही एक नाव आपल्याच देशातले आहे. पण समजा, सगळेच्या सगळे परदेशी असते तरी काय बिघडले असते? थर्मामीटर कोणत्या देशातून आला हे विचारून आपण ताप मोजत नाही.

आता मुख्य मुद्दा. माणसांवर प्रयोग करू नयेत असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की सरकार दुसरे काय करते? पस्तीस वर्षे मी राज्य शासनाच्या सेवेत होतो. या काळात माझ्या टेबलावरून जी परिपत्रके गेली त्यांतील प्रत्येक परिपत्रक हा एक प्रयोग होता. अमुक केले म्हणजे लोक तमुक वागतील, ही अटकळ प्रत्येकाच्या मुळाशी होती. अटकळ खरी ठरली की नाही हे पाहण्याची सोय मात्र एकातही नव्हती. योजना फसली तर तिचे नाव बदलून ती पुन्हा येई. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तो अख्ख्या देशावर एकाच वेळी केलेला प्रयोग नव्हता तर काय होते? आपल्या रिंग रोडवरच्या कापडबाजाराने आणि वेडरोडच्या लूमखात्यांनी तो सोसला. त्या वेळी उंदराची उपमा कुणाला सुचली नाही. अख्ख्या देशावर करतात ते धोरण आणि निम्म्यांवर करून मोजतात तो अमानुष प्रयोग, हा न्याय माझ्या बुद्धीला पटत नाही.

याच्याही पुढे जाऊन आपल्या सर्वांच्या अभिमानाचे एक उदाहरण घेतो. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ मध्ये एस. आर. राव पालिकेचे आयुक्त झाले आणि देशातील घाणेरड्या शहरांत गणले जाणारे सुरत दोन वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजले गेले. अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरू लागले, दंड वसूल होऊ लागले, अतिक्रमणे पाडली गेली, अधिकारांची विभागणी झाली. हे सारे आपण डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल रावसाहेबांना माझा नमस्कारच आहे. परंतु यांतील नेमक्या कोणत्या उपायाने लोकांची सवय बदलली? दंडाने, झाडूने, की प्लेगच्या धास्तीने? सगळे उपाय सगळ्या शहरात एकदमच झाले, त्यामुळे या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नाही. म्हणूनच दुसऱ्या शहरांनी आपली नक्कल करायची म्हटली तर काय उचलावे हे त्यांना कळत नाही. संकटाच्या घडीला मोजमाप करीत बसा असे मी म्हणणार नाही. संकट सरल्यावरही मोजमाप नकोच, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

तुलना म्हणजे काय हे समजायला चहाचा पेला पुरतो. इंग्लंडातील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या सहवासातील एक बाई म्हणत असत की कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. आपल्याकडे अशा वेळी घरात जो सर्वांत वडील असेल त्याचे मत ग्राह्य धरले जाते. फिशरांनी आठ कपांची मांडणी सुचवली, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या, आणि ते कोणत्या क्रमाने द्यायचे ते नशिबावर सोडले. नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर ओळखण्याचा संभव सत्तरात एक. १९३५ साली त्यांनी प्रयोगाच्या मांडणीवर जो ग्रंथ लिहिला त्यात हा चहा आहे. त्यातला सगळा जोर क्रमाच्या चिठ्ठीवर आहे. क्रम माणसाने ठरवला की त्यात माणसाचा कल उतरतो, आणि चिठ्ठीला कल नसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्यात पीक कापणी प्रयोगांची देखरेख माझ्याकडे होती. गुजरातीत त्याला 'अखतरा' म्हणतात. गावातला कोणता सर्व्हे नंबर घ्यायचा, त्या शेतात किती पावले आत जाऊन चौकट आखायची, हे सारे यदृच्छ अंकांच्या तक्त्यावरून ठरते, आणि त्या चौकटीतले पीक कापून, मळून, तोलून उत्पन्नाचा आकडा निघतो. ही पद्धत देशभर रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा ते दोघेही आपलेच, वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे. एका वर्षी तक्त्याने एका गावात जे शेत दाखवले ते ओढ्यापलीकडे, दीड कोस आत होते. पीक करपलेले होते. तलाटी म्हणाला, साहेब, सडकेलगतचे शेत घेऊ, सारखेच आहे. सारखे नव्हते, सडकेलगत विहीर होती. दुपार झाली होती, जीप परत न्यायची होती. मी मान डोलावली. कागदावर शेत तेच राहिले, तोलले गेले दुसरेच. त्या गावाची आणेवारी जी चढली ती चढली, आणि सूट व तगाईच्या यादीतून ते गाव गळले. पुढच्या वर्षी त्याच गावातला एक म्हातारा कचेरीत आला होता. तो रागावलाही नाही. आमच्या शेतात तुम्ही आलाच नाहीत, एवढे तो म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला. त्याला मी पाणी दिले. दुसरे काही देणे माझ्या हाती उरले नव्हते. चिठ्ठीने त्या म्हाताऱ्याला न्याय दिला होता. तो काढून घेतला माझ्यासारख्या समंजस, सुशिक्षित, माणसाचे मन वगैरे जाणणाऱ्या अधिकाऱ्याने. म्हणून 'यंत्रवत निवड' या शब्दांना जे नाक मुरडतात त्यांच्यापुढे मला शांत राहता येत नाही.

आता सुरतेच्या प्रयोगाकडे येतो. गुजरात उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने राज्यातील जास्त प्रदूषणकारी कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ ऑडिटरकडून पर्यावरणाचे ऑडिट करून घेणे बंधनकारक झाले. कागदावर योजना निर्दोष होती. तपासनीस पात्र, त्यांच्या गटात रसायनतज्ज्ञ, अभियंते, सूक्ष्मजीवतज्ज्ञ. व्यंग एकच होते: ऑडिटर नेमणार कारखानदार, आणि त्याचे पैसेही देणार कारखानदार. वधूपित्याच्या पगारावर असलेल्या मध्यस्थाने मुलीचे दोष सांगावेत अशी ही अपेक्षा. सगळ्यांना ठाऊक होते. पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदऱ्याच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ठाऊक होते. पण 'सगळ्यांना ठाऊक असणे' ही प्रशासनातली सर्वांत निरुपयोगी वस्तू आहे. तिच्यावर टिपणी लिहिता येत नाही आणि तिच्या आधारे आदेश बदलत नाही.

२००९ आणि २०१० या दोन वर्षांत, गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने, अहमदाबाद व सुरत भागांतील ४७३ कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे चिठ्ठी टाकून वेगळे काढले गेले. बाकीच्यांत जुनीच पद्धत चालू राहिली. निवडलेल्यांत चार गोष्टी बदलल्या. ऑडिटर चिठ्ठीने नेमला गेला. त्याचा मेहनताना ठरीव झाला आणि तो कारखानदाराऐवजी एका सामाईक निधीतून मिळू लागला. त्याने घेतलेल्या काही मोजमापांची मागाहून स्वतंत्र फेरतपासणी होऊ लागली. आणि दुसऱ्या वर्षी मोजमाप जितके अचूक तितका मोबदला अधिक, असे ठरले.

निघालेले आकडे वाचकांनी सावकाश वाचावेत. धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांच्या बाबतीत, जुन्या पद्धतीच्या ऑडिटरांच्या अहवालानुसार मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. त्याच जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत स्वतंत्र फेरतपासणीने काढलेला आकडा ५९ टक्के. अहवालातले आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने उभे होते. नापास होऊ द्यायचे नाही आणि फार हुशारही दाखवायचे नाही, अशा बेताने दिलेले गुण आपण शाळेत पाहिले आहेत. नव्या पद्धतीतील ऑडिटरांत, प्रत्यक्षात मर्यादेबाहेर असलेले मोजमाप मर्यादेत आहे असे खोटे लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घसरले. आणि अहवाल खरे होऊ लागल्यावर कारखान्यांनी खरोखरच प्रदूषण कमी केले, विशेषतः जे सर्वांत जास्त ओकत होते त्यांनी.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की माणसे तीच होती. काही ऑडिटर तर दोन्ही पद्धतींत काम करीत होते. एकच मनुष्य एका कारखान्यात खोटे लिहीत होता आणि दुसऱ्यात खरे. आपल्या पिढीने आयुष्यभर 'नीतिमत्ता ढासळली' असे म्हणून सुस्कारे सोडले. या प्रयोगाने दाखवले की पैसे कोणाच्या हातून येतात एवढे बदलले तर तोच माणूस बराचसा सचोटीने वागतो. माणसाविषयी याहून आशादायक गोष्ट एखाद्या कादंबरीत मी वाचली असेल, पण तिच्यावर नियमावली बदललेली पाहिली नाही. इथे ती बदलली. २०१५ मध्ये मंडळाने ऑडिटर चिठ्ठीने नेमण्याची पद्धत नियमात आणली.

याच मंडळींचा दुसरा प्रयोग माझ्यासारख्या अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आणणारा आहे. जन्मभर आम्ही वरिष्ठांना लिहीत आलो की तपासणीस कमी पडतात, पदे वाढवा. गुजरातेतील ९६० कारखान्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांच्या तपासण्या जवळजवळ दुप्पट करून पाहिल्या. प्रदूषणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वाढीव फेऱ्या चिठ्ठीने ठरल्या होत्या, त्यांत बारीकसारीक उल्लंघने भरपूर सापडली, पण कारवाई करण्याइतके मोठे फार थोडे. जे कारखाने खरोखर भयंकर होते त्यांच्याकडे अधिकाऱ्यांचे पाय पूर्वीच वळत होते. म्हणजे इथे अनुभवी अधिकाऱ्याची नजर चिठ्ठीपेक्षा सरस ठरली. हा निष्कर्ष २०१८ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केला. चिठ्ठी हेच ज्यांचे दैवत असे आपले ज्येष्ठ मित्र समजतात, त्यांनीच चिठ्ठीचा पराभव छापला. आम्ही पद वाढवण्याच्या प्रस्तावात असे एकदा तरी केले काय?

अर्थात 'निम्म्यांना दिले नाही' या आक्षेपातील दुःख मी झटकून टाकणार नाही. कारखानदाराच्या बाबतीत तो फारसा टिकत नाही; ऑडिट त्याच्यावर कायद्याने बसलेलेच होते. मुलांच्या बाबतीत टिकतो. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोदे येथे 'प्रथम'च्या बालसखींचा प्रयोग झाला. वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळी बसवून शिकवीत असे. बडोद्यात मांडणी अशी की निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला मिळाली आणि निम्म्या शाळांत चौथीला. रिकाम्या हाताने कोणतीच शाळा परत गेली नाही, आणि तरीही एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहता आली. मागे पडलेली मुले पुढे आली हे त्यातून दिसले. थोडे डोके चालवले तर तुलना आणि माणुसकी एका पंगतीला बसू शकतात.

नेहमीच बसतात असे नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात ३९ गावांतील नवजात अर्भकांची काळजी प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन घेतली, आणि ४७ गावे तुलनेसाठी नेहमीच्या सेवांवर राहिली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले. त्या ४७ गावांतील आयांचे काय, हा प्रश्न विचारला तर मान खाली जाते. जाऊ द्यावी. परंतु तो आकडा नसता तर दिल्लीच्या कोणत्या सचिवाने अर्धशिक्षित बाईच्या हाती नवजात बालक सोपवायला संमती दिली असती? फाइल कशी अडते हे मला ठाऊक आहे. ६२ हा अंक फाइलवर नसता तर त्या ३९ गावांचे यशही एका ध्येयवेड्या दांपत्याची कहाणी म्हणून दिवाळी अंकात छापून आले असते, आणि आपण डोळे टिपून पान उलटले असते.

पाळत आहे हे कळले की माणूस निराळे वागतो, असाही आक्षेप घेतला जातो, आणि शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२४ नंतरच्या प्रयोगांचा दाखला दिला जातो. उजेड वाढवला तरी काम वाढले, कमी केला तरी वाढले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासले तेव्हा ती सांगतात तितकी ठळक निघाली नाही. आणि पाळतीने माणूस सुधारत असेल तर तोही एक मोजण्याजोगा निष्कर्षच आहे.

इथवर मी प्रयोगकर्त्यांचे वकीलपत्र घेतले. आता माझी त्यांच्यावरची तक्रार, आणि ती आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या तक्रारीहून निराळी आहे. २०१९ मध्ये सुरतेत धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, जगातला या प्रकारचा पहिला. सुरतेच्या परिसरातील ३१७ कारखाने, बहुतेक कापडावर प्रक्रिया करणारे, बॉयलरसाठी कोळसा व लिग्नाइट जाळणारे. पुन्हा चिठ्ठीने निम्मे या बाजारात आणले. सगळ्यांनी मिळून किती ओकायचे याची कमाल ठरवली, धुराड्यांत सतत मोजणारी यंत्रे बसवली, आणि ज्याने कमी ओकले त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकायचा. धूर विकणे हे सुरतेतच सुचावे, असे मला प्रथम वाटले; पण कमाल खाली आणली की सौदे कितीही होवोत, एकूण धूर घटतोच. तुलनेच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्के घट झाली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आहे. उत्तम.

पण हा धूर कोणाच्या छातीत जात होता? आपली घरे तीनचार पिढ्यांपूर्वी या शहरात आली, आपण नोकरीपेशाचे, आपल्या गॅलरीत काजळी येते ती पुसता येण्याइतकी. पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली येथे जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आलेला जो आपलाच खानदेशी माणूस राहतो, त्याच्या दारावरून हे प्रयोग गेले. कोणत्या कारखान्याची चिठ्ठी निघाली, कोणाचा अहवाल खोटा निघाला, त्याच्या गल्लीमागचे धुराडे ७ टक्क्यांत होते की ५९ टक्क्यांत, हे कोणी त्याला सांगितले? मी त्या वस्त्यांत विचारून पाहिले. एका डाइंग मिलमध्ये वीस वर्षे काम केलेला, अहिराणी बोलणारा एक गृहस्थ मला म्हणाला की मशीन बसवली ते पाहिले, कशाला ते माहीत नाही. ज्याच्यासाठी हे सारे झाले असे म्हणायचे त्याला निकाल कळू नये, हे मला उंदराच्या उपमेपेक्षा अधिक लागते. प्रयोग करणाऱ्यांनी आकडा मंडळाला दिला आणि जगाला दिला. मधली गल्ली राहून गेली. म्हाताऱ्याच्या शेतात न गेलेल्या माझ्यासारख्याने हे बोलावे हा विनोद आहे, पण मी बोलणार.

तेव्हा प्रयोग बंद करा असा ठराव पुढच्या बैठकीत येणार असेल तर माझे मत विरोधात धरावे. त्याऐवजी मी दुसरा ठराव मांडीन. औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक फाटकावर त्या वसाहतीतील धुराड्यांचे मोजमाप गुजरातीत, हिंदीत, मराठीत आणि उडियात लावावे, असे पत्र आपल्या मंडळाने संबंधितांना लिहावे. ऑडिटच्या प्रयोगावरील २०१३ चा मूळ लेख आणि परवाना-बाजारावरील २०२५ चा, या दोन्हींचा दहा-दहा पानांचा मराठी सारांश मी दसऱ्यापर्यंत तयार करून देतो. आकड्यांचे तक्ते ताडून पाहायला गणिताचे एखादे निवृत्त शिक्षक मिळाले तर बरे. आणि लिंबायतला तो वाचून दाखवायला माझ्याबरोबर कोण येणार, त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत.